कोरडं वजन

वाखाच्या बेचाळीस पेंढ्या घरात आल्या, त्या दिवशी घरातली माणसं बाहेर आली. आतल्या खोलीतली खाट, पत्र्याची पेटी, धान्याची दोन पिंपं आणि म्हातारीचं अंथरूण ओसरीवर काढलं आणि खोलीत आढ्यापर्यंत वाख रचला. घायपाताच्या पानांतून काढलेला, लांब, पांढरट, घोड्याच्या शेपटीसारखा. पाच पाच किलोची एकेक पेंढी. म्हातारीने दारात उभं राहून सगळ्या मोजल्या आणि म्हणाली, "बरं झालं. आता मी मेले तरी उचलायला सोपं. आतून बाहेर काढायची कटकट नाही."

धाकटी हसली. ती म्हातारीची धाकटी सून. गल्लीत तिला सगळे धाकटीच म्हणत. पेंढ्या तिच्या होत्या. जन्मात पहिल्यांदा वाख तिचा होता.

गल्ली दोर वळणाऱ्यांची. प्रत्येक दारासमोर जमिनीत रोवलेलं लाकडी चाक. एकीने बसून चाक फिरवायचं, दुसरीने वाखाचा भारा कमरेला बांधून, बोटांतून तो सोडत उलट्या पावलांनी मागे मागे जायचं. वीस हात मागे गेलं की एक पेड तयार. तीन पेड एकत्र पिळले की दोर. धाकटी तेरा वर्षं अशी उलटी चालत होती आणि चाकावर म्हातारी बसत होती.

वाख यायचा वखारीतून. वखारवाला सोमवारी प्रत्येकीला पाच किलोची पेंढी तोलून द्यायचा आणि पुढच्या सोमवारी तितक्याच वजनाचा दोर मागायचा. अर्धा किलो तूट माफ. त्याहून कमी भरलं तर मजुरीतून कापायचं. दोर कधी चार किलोवर जात नसे. का जात नाही, याचं वखारवाल्याकडे एकच उत्तर होतं, की तुमच्या हाताला चोरीची सवय आहे. फाटकातून बाहेर पडताना बायकांना कपडे झटकून दाखवावे लागत. काहीजणी जमिनीवर पडलेलं भुसकट झाडून पिशवीतून घेऊन जात आणि काट्यावर ठेवत, की बघा, हे उडालेलं. ते मूठभर भरायचं. वखारवाला पिशवी उलटी करून फुंकर मारायचा.

काट्यावर उभा असायचा तो धाकटीचा नवरा. नऊ वर्षं तो वखारीत होता आणि गावात त्याला काटेवाला म्हणत. वजन मोठ्याने पुकारायचं, हे त्याचं काम. बायकोची पेंढी असो की कुणाची, त्याचा आवाज सारखाच असे.

या साली वखारवाल्याने माफीची तूट अर्ध्या किलोवरून पाव किलोवर आणली. तेव्हा गटाच्या बैठकीत शिंपिणीने सांगितलं, की तळ्यावरच्या मासेमारांच्या सोसायटीला नव्या हंगामासाठी चारशे दोर हवे आहेत. सोसायटीच्या पिशव्या ती शिवायची, म्हणून कानावर आलेलं. शिंपीण बचत गटाची अध्यक्ष. चौदा बायकांचा गट सहा वर्षं दर आठवड्याला तिच्या ओसरीवर बसत होता. कर्ज द्यायची त्यांची एक अट होती, की बाई स्वतःच्या हाताने जे काम करते त्यासाठीच मिळेल. नवऱ्याच्या गाडीला नाही, दिराच्या दुकानाला नाही. आणि दहाव्या दिवशी दोघीजणी येऊन माल पाहणार. एकीने बुडवलं तर भरपाई तेराजणींच्या बचतीतून व्हायची.

धाकटीने हात वर केला. दोनशे दहा किलो वाख ती गटाच्या कर्जातून परस्पर डोंगराकडच्या घायपातवाल्याकडून घेणार, महिनाअखेर चारशे दोर देणार. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर. सोसायटीचा कारकून म्हणाला होता, एक दिवस उशीर झाला तर काम परत वखारीकडे.

नवऱ्याला कळलं तेव्हा तो जेवत होता. त्याने ऐकलं, पाणी प्यायला, म्हणाला, "मालकांना आवडणार नाही." एवढंच.

*

वाख राखायचा कसा, हे धाकटीला ठाऊक होतं. वखारीत दर सोमवारी सकाळी ती पाहायची. बायका रांगेत उभ्या राहायच्या आणि नवरा झारीने पेंढ्यांवर पाणी मारत असायचा. पेंढ्या गारेगार, जड, हाताला मऊ. म्हातारीनेही सासूकडून तेच ऐकलेलं. वाख म्हणजे शेवटी पानच, पाणी नाही दिलं तर तंतू कडक होतो, मोडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ धाकटी झारी भरायची आणि खोलीतल्या ढिगावर शिंपडायची. वरच्या पेंढ्या खाली, खालच्या वर करायची. खोलीचं दार लावून घ्यायची, ऊन लागू नये म्हणून. चाकाचा आस झिजला होता. तो सुताराकडे पडून होता, म्हणून वळायला अजून सुरुवात नव्हती. माल तरी जपावा, असं तिच्या मनात.

नवरा सकाळी वखारीत जायच्या आधी ओसरीवर बसून चहा प्यायचा. ती झारी घेऊन त्याच्यासमोरून आत जायची. तो पाय बाजूला घ्यायचा.

आठव्या दिवशी खोलीचं दार उघडलं तर आतून वाफ अंगावर आली. आंबट, कुजट. धाकटीने कोपरापर्यंत हात ढिगात घातला आणि झटकन मागे घेतला. आत तापलेल्या माणसासारखं ऊन होतं. तिने मधली एक पेंढी ओढली. वरून पांढरी, पोटात काळी. दोन्ही हातांत तंतू धरून ताणला. तो काडीसारखा तुटला. दुसरा तुटला. मूठभर एकदम धरून ओढले, तेही तुटले आणि हाताला बुळबुळीत काळं लागलं.

ती तिथेच बसली नाही. एकेक पेंढी ओढून अंगणात टाकत गेली. नवरा कप हातात धरून बघत होता. म्हातारी काठी टेकत आली, वाकली, काळा वाख नाकाला लावला आणि म्हणाली, "पाणी कमी पडलं का गं?"

तेव्हा नवऱ्याने मान खाली घातली. धाकटीने ते पाहिलं. तेरा वर्षांत तिने त्याची मान अशी खाली गेलेली दोनदा पाहिली होती, आणि दोन्ही वेळा तो खोटं बोलत होता.

"वखारीत वाख का कुजत नाही?" तिने विचारलं.

तो कपाकडे बघत राहिला.

"अहो, मी विचारते आहे. तुम्ही रोज पाणी मारता. मग तो का नाही कुजत?"

"रोज नाही मारत," तो म्हणाला. "मागच्या गोदामात कोरडाच असतो. कुलपात. सोमवारी वाटायचा तेवढा पुढे काढायचा, त्यावर मारायचं."

"कशाला?"

"मालक म्हणतात, वजनाला बरं."

म्हातारी जमिनीवर बसली. तिला बसताना नेहमी आधार लागायचा, आज ती आपोआप बसली.

"आठ दिवस," धाकटी म्हणाली. "तुमच्या पुढ्यातून झारी घेऊन जात होते."

"तू विचारलं नाहीस."

तिने त्याच्या हातातला कप काढून घेतला, उरलेला चहा अंगणात ओतला आणि कप विसळायला ठेवला. मग पेंढ्या काढायला परत आत गेली. तो वखारीत निघून गेला. वेळेवर.

*

पाहणीला अजून दोन दिवस होते. दोन दिवसांत वरच्या चांगल्या पेंढ्या पुढे रचून आतलं लपवता आलं असतं. म्हातारीने तसं सुचवून पाहिलं. धाकटीने काळ्या वाखाची एक पेंढी फडक्यात बांधली आणि शिंपिणीच्या ओसरीवर जाऊन ठेवली. बैठक दुसऱ्या दिवशीची होती, शिंपिणीने ती त्याच दुपारी बोलावली.

ओसरीवर शिवणयंत्र भिंतीला सरकवलेलं, चौदाजणी चटईवर. धाकटीने झालं ते सांगितलं, नवऱ्याचंही. बेचाळीसपैकी चौदा पेंढ्या गेल्या, बाकीच्या ओल्या आहेत पण तंतू धरून आहेत. पीठगिरणीवाली सगळ्यांत आधी बोलली. पुढच्या महिन्यात तिला शेळ्यांसाठी कर्ज मिळायचं होतं. आता ते कुठून मिळणार, हिने पाणी घालून आमच्या शेळ्या बुडवल्या, असं ती म्हणाली. म्हणणं खरं होतं, म्हणून धाकटी गप्प राहिली. एकीने विचारलं, काटेवाल्याची बायको असून हिला ठाऊक नव्हतं, हे कोण मानेल?

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला थोरली बसली होती. धाकटीची जाऊ. दोघी एकाच गटात होत्या, पण सहा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पूर्वी एका चुलीवर जेवत, एकाच पेंढीतून वळत. दोर दर वेळी किलोभर कमी भरायचा. घरात मापलं, झाडलं, शोधलं. शेवटी म्हातारीने ठरवलं, की थोरली वाख काढून माहेरी पाठवते. धाकटीने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. थोरलीने भांडी उचलली आणि नवऱ्याला घेऊन त्याच गल्लीत अकरा घरं पलीकडे वेगळी चूल मांडली.

थोरली उठली. सगळ्यांना वाटलं, आता ही तोंड सोडणार. ती ओसरी उतरून घरी गेली आणि वखारीतून सकाळीच आणलेली, अजून न सोडलेली पेंढी डोक्यावर घेऊन आली. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली. बरोबर पाच किलो. मग शिंपिणीच्या अंगणातल्या कपड्यांच्या दोरीवर तिने ती सोडून पसरली आणि म्हणाली, "आता हिच्यापाशी कोणीतरी बसा. मी नको. माझ्यावर आळ आहे."

दोन दिवस बायका पाळीपाळीने त्या वाखापाशी बसल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानदाराच्या काट्यावर तो परत ठेवला. चार किलो शंभर ग्रॅम. दुकानदाराने काटा पुसून परत तोलला. तेवढंच.

पीठगिरणीवाली बराच वेळ काट्याकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही विहिरीचं पाणी डोक्यावर वाहून आणत होतो आणि दर आठवड्याला त्याचे पैसे भरत होतो."

कोणी हसलं नाही. मग एकजण हसली, आणि मग बऱ्याच जणी हसल्या, पण ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

म्हातारीला धाकटीने घरी येऊन सांगितलं. म्हातारीने वजन दोनदा विचारलं. मग काठी घेतली आणि निघाली. धाकटी मागोमाग गेली, पण चार पावलं लांब राहिली. अकरा घरं ओलांडायला म्हातारीला फार वेळ लागला. थोरली दारात दोर पिळत होती.

"तू चोरलं नव्हतंस," म्हातारी म्हणाली.

"ते मला तेव्हाही ठाऊक होतं, आई."

म्हातारी उभीच राहिली. थोरलीने पिळणं थांबवलं नाही. पेड संपला तेव्हा गाठ मारली, हात पुसले आणि आतून पाट आणून म्हातारीच्या मागे ठेवला. धाकटीला तिने बस म्हटलं नाही. तिच्याकडे बघून एवढंच विचारलं, "किती वाचलाय म्हणालीस? अठ्ठावीस पेंढ्या? आणि एका चाकावर महिनाअखेरपर्यंत वळणार आहेस? अक्कल पण ओली झाली का?"

दुसऱ्या दिवसापासून थोरलीचं चाक धाकटीच्या वाखावर फिरू लागलं. वखारीचं काम ती पहाटे उरकायची.

*

आधी वाख वाळवायचा होता. गल्लीतल्या भिंती, कुंपणं, शिंपिणीचं अंगण, पीठगिरणीचा पत्रा, जिथे ऊन पडेल तिथे तो पसरला. वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर विटा आणि भांडी. दुरून गल्ली म्हातारी झाल्यासारखी दिसत होती, सगळीकडे पांढरे केस. पीठगिरणीवाली दर तासाला पत्र्यावर चढून वाख उलटा करायची आणि खाली उतरताना आठवण करून द्यायची, की हे मी शेळ्यांसाठी करते आहे, तुझ्यासाठी नाही.

सुताराने चाकाचा आस बसवून दिला. दोन चाकांवर दिवसाला चोवीस दोर. धाकटीच्या बोटांची सालं निघाली, मग तिथे घट्टे धरले. उलटं चालून चालून पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की रात्री पाय सरळ करताना ती भिंतीला धरायची. अठ्ठावीस पेंढ्यांतून फार तर दोनशे सत्तर दोर होणार होते. उरले एकशे तीस. त्यांना पासष्ट किलो वाख हवा. डोंगरावरची पुढची कापणी दीड महिन्यावर. आसपास वाख एकाच ठिकाणी होता, वखारीच्या मागच्या गोदामात, कुलपात.

मधला सोमवार आला तेव्हा चौघी-पाचजणींनी वखारवाल्यापाशी वजनाचा विषय काढून पाहिला. तो रागावला नाही. हसत हसत म्हणाला, की कुणाच्या अंगणात वाळवलात, तिथे दोन मुठी गेल्या असतील, बायकाच त्या. मग फाटकाशी उभ्या असलेल्या धाकटीकडे बघून तो म्हणाला, एकशे तीस दोर राहिलेत म्हणे, मुदत चुकली की ये, तुझी पेंढी बाजूला काढून ठेवतो. हे त्याला धाकटीच्या घरातूनच कळलं होतं. त्या दिवशी धाकटीने नवऱ्याचं ताट वाढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं नाही, चुलीपाशी ठेवलं. त्याने उठून घेतलं.

*

पुढच्या सोमवारी अठराजणी रांगेत होत्या. त्यांच्या मागे धाकटी, पण पेंढी घ्यायला नाही. गटातल्या दोर न वळणाऱ्या बायकाही आल्या होत्या. शिंपीण एक शिवायची पिशवी घेऊन कठड्यावर बसली, काही संबंध नसल्यासारखी.

थोरलीचा नंबर पहिला. काटेवाल्याने पेंढी ठेवली, पुकारलं, "पाच." थोरलीने ती उचलली, फाटकाबाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, सोडून पसरली. तिच्यापाशी बसली. मग दुसरी आली. तिसरी. पेंढीतून गळणाऱ्या पाण्याची फाटकापासून रस्त्यापर्यंत एक ओळ उमटली. दहा वाजेपर्यंत रस्त्याची एक बाजू पांढरी झाली होती.

वखारवाला बाहेर आला. आधी म्हणाला, गाड्यांना वाट हवी. रस्ता रुंद होता, गाड्या जात होत्या. मग म्हणाला, तुम्हाला काम नको असेल तर तसं सांगा. ऊन चढलं. बायकांनी डोक्यावर फडकी घेतली, आणलेलं जेवण वाटून खाल्लं, तासातासाने वाख उलटा केला. एका ट्रॅक्टरवाल्याने थांबून विचारलं, काय चाललंय? पीठगिरणीवालीने त्याला सांगितलं, वाखाला घाम फुटलाय, पुसतोय. दुपारी वखारवाल्याने निरोप पाठवला, माफीची तूट परत अर्धा किलो करतो. बायकांनी निरोप ऐकला.

चार वाजता वाख गोळा झाला. थोरलीने आपली पेंढी बांधली आणि काट्यावर आणून ठेवली. वखारवाला खुर्चीत बसला होता. तोलू नको, असं तो म्हणू शकत नव्हता. फाटकात पन्नास माणसं जमली होती, त्यात दुकानदारही होता. वखारवाल्याने नुसतं काटेवाल्याकडे पाहिलं.

काटेवाल्याने काट्याकडे पाहिलं आणि पुकारलं, "पाच."

नऊ वर्षांची सवय असेल, किंवा दुसरं काही. काटा चाराच्या जरासा पुढे थांबला होता. धाकटी रांगेच्या शेवटून चालत आली. तिला कोणी अडवलं नाही. ती काट्यापाशी उभी राहिली आणि सुई जिथे होती तिथे काचेवर बोट ठेवलं.

"परत वाचा."

त्याने मालकाकडे पाहिलं.

"तिकडे आकडे नाहीत," ती म्हणाली. "इथे आहेत."

"चार शंभर," तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा लहान होता, पण फाटकापर्यंत गेला.

"मोठ्याने पुकारायचा पगार आहे तुम्हाला."

"चार शंभर."

दुसरी पेंढी चार किलो. तिसरी चार दीडशे. अठरा पेंढ्या त्याने पुकारल्या आणि शिंपिणीने पिशवीच्या कापडावर खडूने अठरा आकडे लिहिले. मग धाकटी वखारवाल्यासमोर गेली आणि म्हणाली, की मला पासष्ट किलो वाख विकत हवा. वळायला नको, विकत. रोख, आणि कोरडा.

वखारवाला म्हणाला, "तुला एक तंतू देणार नाही. काय करायचं ते कर."

थोरली पुढे झाली. आपली पेंढी तिने काट्याखालच्या फळीवर ठेवली. "मग हीही ठेवा, मालक. तुम्हीच वळा. आम्ही चोर, आमच्या हातात कशाला देता?"

चौदाजणींनी पेंढ्या ठेवल्या. चौघींनी उचलून घरी नेल्या. त्यांच्या घरी आठवड्याची मजुरी चुकली तर चूल पेटत नव्हती. त्यांना कोणी काही बोललं नाही. बाकीच्याही फार सुखात नव्हत्या. जाताना फाटकापाशी पहारेकऱ्याने सवयीने म्हटलं, कपडे झटका. थोरली थांबली, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तू झटक." आणि गेली.

*

दोन दिवस चौदा चाकं वखारीसाठी फिरली नाहीत. गटाने त्या चौदा घरांना शिल्लक रकमेतून आठवड्याचं धान्य उधार दिलं. ते अटीत बसत नव्हतं. शिंपिणीने बैठकीत विचारलं, हात वर करा. सगळ्यांनी केले. पीठगिरणीवालीने सगळ्यांत शेवटी केला, पण केला. वखारवाल्याच्याही ऑर्डरी होत्या, त्याच्याही मुदती होत्या, आणि दोर वळणारे हात त्याच एका गल्लीत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा हातगाडी ढकलत गल्लीत आला. गाडीवर तेरा पेंढ्या. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. अंगणात गाडी उभी करून तो म्हणाला, मालकांनी सांगितलंय, रोख द्या. भाव किलोमागे चढा लावलाय. आणि सोमवारपासून वाटप कोरडं, तूट धरायची ती कोरड्या वाखाच्या वजनावरच.

धाकटीने प्रत्येक पेंढी सोडली. प्रत्येकीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला. तेराही कोरड्या होत्या. दुकानदाराच्या काट्यावर पासष्ट किलो आणि वर थोडं भरलं. तिने भावावर घासाघीस केली नाही. गटाने दिलेल्या नोटा त्याच्या हातात ठेवल्या आणि पोच लिहून मागितली.

"पोच मी देऊन काय उपयोग," तो म्हणाला. "पैसे पोचवून मी मोकळा. उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"पुकारलं म्हणून?"

"दुसऱ्यांदा पुकारलं म्हणून."

म्हातारी चाकावर बसून ऐकत होती. धाकटीने बोटांवर दिवस मोजले. महिनाअखेरीला सहा दिवस, एकशे तीस दोर. दोन चाकं अखंड फिरली तर होत होते. म्हातारीचा खांदा कालपासून उचलत नव्हता, ती डाव्या हाताने चाक ओढत होती, आणि त्यामुळे पीळ कुठे घट्ट कुठे सैल येत होता. असा दोर तळ्यावर टिकला नसता.

"पैसे पोचवून या," धाकटी म्हणाली. "मग इथे बसा."

"कुठे?"

म्हातारीने काठी टेकली आणि चाकावरून उठली. "इथे," ती म्हणाली. "बूड टेकायला जागा आहे, बघतोस काय."

तो अर्ध्या तासाने आला. गल्लीतल्या बायका आपापल्या चाकांवरून बघत होत्या. चाकावर पुरुष बसलेला या गल्लीत कोणी पाहिला नव्हता. ते बायकांचं काम. तो बसला. हात कुठे धरायचा ते म्हातारीने काठीने दाखवलं. धाकटीने भारा कमरेला आवळला, तंतूंचं टोक चाकाच्या लोखंडी आकड्यात अडकवलं. त्याने विचारलं, मजुरी? तिने सांगितलं, थोरलीला जी आहे ती, दोरामागे, सगळे दोर सोसायटीत पोचल्यावर.

त्याने चाक फिरवलं. वजनं उचलणारा हात, त्यात जोर फार. पहिल्याच झटक्यात पेड आवळून गाठाळला आणि तुटला. पलीकडे कोणीतरी खुदकन हसलं. तिने तुटलेलं टोक सोडवलं, पुन्हा अडकवलं. दुसऱ्यांदाही तुटला.

"कसं फिरवायचं ते तरी सांग," तो म्हणाला.

"माझ्या पायाकडे बघा. मी जितकी चालेन तितकं फिरवायचं. मी थांबले की थांबायचं. हिशेब तुमच्या हाताचा नाही, माझ्या पावलांचा आहे."

तो बघू लागला. ती एक पाऊल मागे गेली. चाक एकदा फिरलं. आणखी एक पाऊल, आणखी एक फेरा. बोटांतून वाख सुटत होता, गरम, कोरडा, सरळ. पाच हात. दहा हात. त्याची नजर तिच्या पायांवरून हलली नाही. वीस हातांवर ती थांबली आणि चाकही थांबलं.

तिने पेड ताणून पाहिला. सारखा होता.

"एक," ती म्हणाली, आणि मोठ्याने म्हणाली.